गरोदर किशोरींसाठी आधारगट: सुरुवात कुठून करायची

सोळा-सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहिली की घरच्यांनंतर गावात पहिल्यांदा कळतं ते बहुधा आशाताईला. मग वजन, रक्त तपासणी, गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, माता व बाल संरक्षण कार्ड अशी यंत्रणा कमी-जास्त वेगानं हलायला लागते. पण त्या मुलीला रात्री झोप लागते का, नवरा हात उचलतो का, हे बाळ तिला हवं आहे का, दहावी अर्धवट सुटली त्याचं तिला काय वाटतं, याला त्या कार्डावर रकाना नाही. हे प्रश्न मोकळेपणानं निघतील अशी जागा म्हणजे आधारगट. आठ-दहा मुली, त्यांचं ऐकून घेणारी एक ताई, महिन्यातून एक-दोनदा भेट. दिसायला एवढंच. पण महाराष्ट्रात असा गट सुरू करताना कायदा, घर, माहेर, हंगाम अशा बऱ्याच गोष्टी वाटेत येतात. त्या आधीच माहीत असल्या तर गट टिकतो.

प्रश्न किती मोठा आहे, हे थोडक्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली त्या वेळी गरोदर होत्या किंवा आधीच आई झाल्या होत्या. देशाचा आकडा ६.८ टक्के, म्हणजे आपण सरासरीच्याही पुढे. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, आणि परभणी व बीड जिल्ह्यांत तर हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. आपल्याकडच्या गरोदर किशोरींमध्ये बहुसंख्य लग्न झालेल्या असतात. परदेशातले नमुने जसेच्या तसे उचलून चालत नाही ते यामुळेच. तिथला गट बहुतेकदा एकट्या, शाळेत जाणाऱ्या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला असतो. आपल्याकडे तिच्या आणि गटाच्या मध्ये सासूबाई, नवरा, जाऊ, दीर असं सगळं घर उभं असतं.

नुसतं बसून बोलल्यानं काय होणार, असं विचारणारे भेटतातच. त्यांना झारखंडचं उदाहरण द्यावं. चक्रधरपूरच्या ‘एकजूट’ संस्थेनं झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागांत बायकांचे गट बांधले. गावातलीच एक बाई चित्रं, गोष्टी आणि खेळांच्या आधारे दर महिन्याला बैठक घ्यायची. बाळंतपणात नेमकं काय अडतं ते बायकाच ठरवायच्या आणि उपायही त्याच शोधायच्या. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिसऱ्या वर्षी मातांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही निम्म्याहून अधिक घटलेलं दिसलं. हे गट सगळ्या वयाच्या बायकांचे होते, किशोरींचे नव्हते, हे ध्यानात ठेवू. तरी पद्धत उचलण्यासारखी आहे, कारण त्यात कुणी कुणाला भाषण देत नाही. आपल्याकडे पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य संस्थेनं विवाहित किशोरींसोबत दीर्घकाळ काम केलं आहे. गावातली कार्यकर्ती दर महिन्याला घरी जाऊन मुलीच्या आरोग्याची विचारपूस करते आणि त्यावरून पुढची सेवा ठरते. घरभेट आणि बैठक या दोन्हींची सांगड घातली तर आपल्या गटाचा पाया तयार होतो.

कायदा, जो पहिल्याच दिवशी आडवा येतो

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण चांगल्या मनानं सुरू केलेले गट इथंच अडखळतात.

कोणताही आधारगट एका शब्दावर उभा असतो: इथं बोललेलं बाहेर जाणार नाही. अठरा वर्षांखालची मुलगी समोर बसलेली असेल तर हा शब्द आपल्याला सरसकट देता येत नाही. मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून रक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलीशी लैंगिक संबंध हा गुन्हाच आहे, तिची संमती असली तरी. लग्न झालं म्हणून सूट नाही. नवऱ्याला पूर्वी जी पळवाट होती, ती सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ च्या निकालात बंद केली. भारतीय न्याय संहितेतही पत्नीच्या वयाची मर्यादा अठराच आहे. आणि पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला मात्र कायदा संरक्षण देतो.

याचा गावातला परिणाम काय होतो, हे या कामात असलेल्या सगळ्यांना दिसतं. दवाखान्यात गेलं की पोलीस येतील, पोराला उचलतील, या धाकानं घरचे मुलीला दवाखान्यातच नेत नाहीत. आधार कार्डावरचं वय बदलून आणतात. कुठल्या तरी मेडिकलमधून गोळ्या आणतात, किंवा बाळंतपण घरातच उरकतात. मुलींच्या रक्षणासाठी केलेला कायदा आणि मुलीचा दवाखाना या दोन्हींच्या कात्रीत शेवटी मुलगीच सापडते. मला हे अन्यायकारक वाटतं आणि कायद्यानं यावर अधिक समजुतीची वाट काढावी असं मनापासून वाटतं. पण गट चालवणाऱ्यानं आज जो कायदा आहे त्यालाच धरून चालायचं असतं.

मग करायचं काय? मुलीनं तोंड उघडण्याआधी तिला खरं सांगायचं. साध्या शब्दांत, काहीसं असं: “हे बघ, इथं आपण जे बोलू ते मी गावात, तुझ्या घरात कुणाला सांगणार नाही. पण एक गोष्ट आधीच सांगते. तुझं वय अठराच्या आत असेल, तर कायद्यानं मला ते कळवावं लागतं. कळवायची वेळ आली तर तुला न सांगता मी कळवणार नाही, आणि तुला एकटीला कुठं पाठवणार नाही. हे ऐकून मग किती बोलायचं ते तू ठरव.” हे वाक्य ऐकून काही मुली गप्प होतील. होऊ द्यावं. आधी सगळं काढून घेऊन नंतर पोलिसांत जाणं हा विश्वासघात आहे, आणि त्याची बातमी पुढच्या दहा मुलींपर्यंत पोहोचते.

कळवल्यावर पुढे काय होतं ते मुलीला आणि तिच्या आईला पायरी-पायरीनं सांगता आलं पाहिजे, कारण निम्मी भीती अंधाराची असते. तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे जाते. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरही मदत मागता येते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं आणि गणवेशात नसताना. मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव, फोटो, शाळा, गाव उघड करणं गुन्हा आहे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला तिच्यासाठी सहायक व्यक्ती नेमता येते, जी तपासापासून खटला संपेपर्यंत सोबत राहते. ही तरतूद फार उपयोगाची आहे, पण बहुतेक घरांना ती माहीतच नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. स्त्रिया आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. गट सुरू करण्याआधी बालकल्याण समितीच्या सदस्यांना जाऊन भेटावं, ओळख करून घ्यावी, आपण काय करणार आहोत ते लेखी द्यावं. अडचणीच्या दिवशी पहिला फोन अनोळखी माणसाला करावा लागू नये.

गर्भपाताचा कायदा वेगळा, आणि त्याबद्दल गैरसमज फार. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं, आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत वीस ते चोवीस आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात होऊ शकतो. अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. अठरा पूर्ण असतील तर फक्त तिची स्वतःची, नवऱ्याची सही लागत नाही. चोवीस आठवड्यांनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ, नाहीतर न्यायालय, बहुतेक वेळा एवढेच मार्ग उरतात. म्हणून दिवस वाया घालवायचे नाहीत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं, की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर डॉक्टरनं पोलिसांना माहिती द्यावी, पण तिनं आणि पालकानं विनंती केल्यास तिची ओळख उघड करायची गरज नाही. ही सवलत गर्भपात करणाऱ्या डॉक्टरपुरती आहे. गटाच्या ताईला ती लागू होत नाही. तरी ताईला हा निकाल तोंडपाठ हवा, कारण सगळ्याच डॉक्टरांना तो माहीत असतो असं नाही.

बाळ ठेवायचं की नाही, हा निर्णय गटानं घ्यायचा नाही. बाळ जन्माला घालून दत्तक द्यायचं असेल तर ते बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं, आणि विचार बदलला तर आईला साठ दिवसांची मुदत असते. कुणा ओळखीच्या जोडप्याच्या हाती परस्पर बाळ देणं बेकायदा आहे. गावात हा सल्ला फार सहज दिला जातो, म्हणून मुद्दाम सांगते.

ताई कोण, जागा कुठली

गट कुणी चालवावा? नर्सबाईंनी चालवू नये, शाळेच्या बाईंनीही नाही. त्यांच्यासमोर मुली ‘हो बाई, नाही बाई’ एवढंच बोलतात. त्याच गावातली किंवा शेजारच्या वस्तीतली, पंचवीस-तीस वर्षांची, स्वतः लवकर आई झालेली आणि ते बोलायची तयारी असलेली बाई सर्वांत चांगली. शिक्षण आठवी-दहावी असलं तरी चालतं. शिकवायचं ते असं: मध्ये न बोलता ऐकणं, सल्ला देण्याआधी विचारणं, धोक्याची लक्षणं ओळखणं, आणि ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे’ हे वेळेवर म्हणणं. दोन ताया असाव्यात. एखादी मुलगी रडत बाहेर गेली तर एक तिच्यामागे जाते, दुसरी गटाजवळ राहते. त्यांना मानधन द्यावं. बाईचं काम फुकटात धरायची आपल्याकडची सवय इथं तरी नको. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. तिथं अर्ज करायला हरकत नाही, अर्थात मुलींची नावं न देता.

जागा आणि वेळ मुलींच्या दिवसावरून ठरते. दुपारी दोन ते चार ही वेळ बहुतेक गावांत जमते. जेवणं उरकलेली असतात आणि संध्याकाळच्या पाण्याची, स्वयंपाकाची घाई सुरू झालेली नसते. अंगणवाडीची खोली चालेल, पाठ टेकायला भिंत आणि जवळ शौचालय असलं की झालं. दारावर ‘गरोदर किशोरी गट’ असा फलक लावू नये. मैत्रिणींचा गट, शिवणवर्ग, काहीही साधं नाव द्या. शेंगदाण्याचा लाडू किंवा गूळ-फुटाणे ठेवा. काहींनी सकाळपासून नीट खाल्लेलं नसतं.

फोटो काढायचे नाहीत. देणगीदाराला अहवाल हवा असतो, संस्थेला फेसबुकवर टाकायचं असतं, हे सगळं खरं, तरी नाहीच. हजेरीत पूर्ण नावाऐवजी खुणेचा क्रमांक लिहावा. व्हॉट्सअ‍ॅप गटाचा मोह टाळावा, कारण तो फोन बहुधा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. पोहोचवायचा निरोप ‘उद्या दुपारी लाडू वळायला या’ एवढाच असावा.

सासूबाईंचा उंबरा

पहिली बैठक मुलींची घेऊ नये. आधी घरोघर जावं, सासूबाईंशी बोलावं. त्यांच्या बोलण्यात बाळाची काळजी असते, तिथूनच सुरुवात करावी: पोरीचं अंग अजून भरलेलं नाही, रक्त कमी आहे, बाळ वजनानं कमी भरू नये म्हणून तिला महिन्यातून दोन दुपारी पाठवा. हे अगदी खरंही आहे. कमी वयात रक्तक्षय, झटके येणं, बाळ लवकर होणं आणि कमी वजनाचं होणं, हे धोके वाढतात. फार लहान मुलीच्या कमरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, त्यामुळे बाळंतपण अडू शकतं. सासूबाईंसाठी दोन-तीन महिन्यांतून एक वेगळी बैठक ठेवली तर त्या विरोधात जात नाहीत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी स्वतः पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाळंत झालेल्या असतात आणि त्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलेलं नसतं. नवऱ्यांशी बोलणारा एखादा पुरुष कार्यकर्ता मिळाला तर फार बरं.

बैठकीत काय घ्यायचं याची लांब यादी करत बसू नये. मुलींना विचारावं, त्या सांगतात. तरी काही गोष्टी सुटता कामा नयेत. लोहाच्या गोळ्या १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. गोळीनं मळमळतं म्हणून मुली त्या फेकतात, तेव्हा रात्री जेवल्यावर घ्यायची आणि चहासोबत घ्यायची नाही हे सांगावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, त्या दिवशी सगळ्यांनी मिळून जावं. धोक्याची लक्षणं नाटक करून घ्यावीत. एकीनं गरोदर मुलगी व्हायचं आणि म्हणायचं, “डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, तोंडावर सूज आहे.” मग बाकीच्यांनी ठरवायचं: १०८ ला फोन कोण करेल, सोबत कोण जाईल, पैसे कुठं ठेवलेत, रात्र असेल तर दार कुणाचं ठोठवायचं. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, झटके, ताप, हीही त्यात आली पाहिजेत. हे सगळं तोंडी ऐकलेलं विसरतं, करून पाहिलेलं राहतं.

मनाचं काय? यासाठी दर बैठकीला प्रत्येकीला एकटीला दोन मिनिटं मिळाली पाहिजेत. गेल्या पंधरा दिवसांत सारखं उदास वाटतं का, कशातच मन लागत नाही का, हे विचारावं. शंका आली तर सरळ विचारावं, “मरून जावंसं वाटतं का?” असं विचारल्यानं तो विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ असेल तर त्या दिवशी तिला एकटीला घरी पाठवायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, मारहाणीच्या वेळी तिथं निवारा, पोलीस मदत आणि समुपदेशन मिळतं.

लग्न न झालेली मुलगी या गटात येणार नाही, आणि तिनं यावं असा आग्रहही धरू नये. गाव लहान असतं. तिच्यासाठी वेगळ्या, एकट्या भेटी असाव्यात, शक्य तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाची केंद्रं आहेत, तिथल्या समुपदेशकाशी आधी बोलून ठेवावं. अशा मुलीनं बाळ ठेवलं तर वडिलांच्या नावावाचून जन्मदाखला अडवता येत नाही. प्रतिज्ञापत्रावर आईच्या नावानं दाखला द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे.

आता ज्या दोन गोष्टी गटाचं वेळापत्रक मोडतात त्या. पहिली म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि सगळ्यांत नाजूक काळात गटातून निसटते. म्हणून सहाव्या महिन्यातच माहेरच्या गावच्या आशाताईंचा फोन घेऊन ठेवावा, दोघींचं बोलणं करून द्यावं, कार्ड मुलीच्या पिशवीत आहे ना ते पाहावं. दुसरी, मराठवाड्यातली ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या सांगली, कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम त्यावर मिळते, आणि म्हणून हंगामाच्या तोंडावर लहान वयात लग्नं लावली जातात. सात महिन्यांची गरोदर मुलगीही मोळ्या उचलते. तेव्हा गटाचं खरं काम दसऱ्याआधी आहे: कोणत्या कारखान्यावर जाणार, मुकादम कोण, तिथून जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, हे लिहून घेणं, आणि शक्य असेल तिथं तिला गावातच ठेवण्यासाठी घरच्यांची मनधरणी करणं. नोंदणी एकदा झाली की तिच्या क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यातही तपासणी होऊ शकते, हे तिला माहीत हवं.

बाळंतपणानंतर मुलगी परत आली की गट तिथून पुन्हा सुरू करावा. बाळाला कुशीत घेऊन येऊ दे. दूध येत नाही, बाळ रात्रभर रडतं, टाके दुखतात, हे बोलायला सोबतीण लागते. लगेच दुसरं मूल राहू नये म्हणून अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, तांबी यांची माहिती याच काळात कामी येते. आणि शाळा. आईपण आलं म्हणून दहावी संपत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थिनी म्हणून बोर्डाची परीक्षा देता येते, पण त्याची मुदत ठरलेली असते. शाळेत जाऊन ती तारीख विचारायचं काम ताईनं अंगावर घ्यावं, आणि पुस्तकांसाठी थोडे पैसे गटाच्या खर्चात आधीच धरून ठेवावेत.